तांबडं ऱ्हाऊ दे

नाना, नवीन व्हर्जन आलं.

तुझ्या तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी आलं. बोईसरहून शिफ्ट संपवून टमटममध्ये कोंबून घिवलीला आले, हातपाय धुतले, जाळ्यांच्या खोलीत येऊन लॅपटॉप उघडला, तर तुझ्या पुस्तकांच्या प्रोग्रॅमवर तो निळा चौकोन. ‘नवीन काय आहे.’ आणि सवयीनं मी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. तुझी खुर्ची समोर, त्यावर काकीनं वाळलेले कपडे टाकलेले, आणि मी कपड्यांना वाचून दाखवतेय. दुसऱ्या ओळीला भान आलं. थांबले नाही पण. थांबायचाही कंटाळा आला होता.

ऐक तर मग. एक, कपाटाचा फोटो काढायचा, पुस्तकांच्या पाठी ओळखून यादी आपोआप तयार. तू म्हणाला असतास, आन पाठीवरचं नावच पुसलंय त्याचं काय? खाऱ्या हवेनं तुझ्या अर्ध्या पुस्तकांच्या पाठी खाल्ल्यात. दोन, उसनं दिलेलं पुस्तक वेळेत आलं नाही तर वाचकाला आपोआप मेसेज. यावर तू काय म्हणाला असतास ते लिहिण्यासारखं नाही. तीन, बॅकअपला कुलूप. चार, बदलांचा इतिहास. कोणी, कधी, काय बदललं, सगळं एका पानावर, कायमचं.

चौथ्यावर मी बोट ठेवलं आणि तिथंच बसून राहिले. त्याचं सांगते. पण सरळ सांगता येत नाही मला, तुला माहितीय. मी उड्या मारते. एका गोष्टीवरून दुसरीवर. म्हणून तर तू मला निवटी म्हणायचास, खाडीच्या चिखलात टुणटुण उडते ती मासळी.

अख्ख्या गावात बोट लागणारा कोळ्याचा पोर तू एकटाच. आजोबा म्हणायचे, याला जमिनीवरच ठेवा, याला बघून मासं पळतात. मग तू एमआयडीसीतल्या कंपनीत स्टोअरकीपर झालास आणि तीस-बत्तीस वर्षं नटबोल्ट आणि व्हॉल्व्ह मोजलेस. घरची बोट विकली तेव्हा जाळी ठेवायची खोली रिकामी झाली, त्यात तू पुस्तकं भरलीस. बोईसरच्या रद्दीवाल्यांना तू सांगून ठेवलं होतंस, मराठी पुस्तक आलं की आधी मला. दर रविवारी सायकलच्या हँडलला दोन पिशव्या. काकी म्हणायची, लोकाचा नवरा बाजारातून मासळी आनतो, माझा कागद आनतो, आन दोगांचा वास सारखाच.

आणि प्रत्येक पुस्तकात एक बिन कार्ड. कंपनीत मालाच्या खणावर लटकवतात ना, तसं. माल कधी आला, कोणी नेला, कधी परत आला. एक रकाना रिकामा ठेवलेला मी कधी बघितला नाही. हे मुद्दाम लिहून ठेवतेय. पुढे लागेल.

मी कॉलेजातून बाहेर पडले, कंपनीत कॉम्प्युटरवर बसायला लागले, आणि मला वाटलं की जगातलं सगळं कॉम्प्युटरवर टाकलं पाहिजे. तुझ्यापासून सुरुवात केली. तू नको नको म्हणत होतास. मी प्रोग्रॅम टाकला, फोननं एका पुस्तकाचा बारकोड स्कॅन केला, पट्कन नाव, लेखक, वर्ष, सगळं आलं. तुझे डोळे मोठे झाले. मग पुढची चाळीस पुस्तकं उलटीपालटी केली आणि एकावरही बारकोड नाही. तुझी पुस्तकं बारकोडच्या आधीची. मला म्हणालास, “बस आता. मी सांगतो, तू बडव.”

तू सांगायचास, मी बडवायचे. दोन वर्षं, दर रविवारी दुपारी. नाव, लेखक, पानं, हालत. ‘हालत’ हा रकाना प्रोग्रॅममध्ये नव्हताच, तो तू बनवून घेतलास. त्यात तू काय काय सांगायचास. ‘वाळवी पान ऐंशीपर्यंत, पुढे तिला आवडलं नाही.’ ‘आधीच्या मालकानं प्रत्येक पानावर भांडण केलंय.’ माझी बोटं तुझ्या तोंडापेक्षा जोरात चालायची, मी तुझं वाक्य संपायच्या आधीच संपवायचे, आणि ते चुकीचं असायचं. तू म्हणायचास, माझं मला बोलू दे, मग लिव.

बॅकअपवरून आपण किती भांडलो. मी सांगितलं, तीन ठिकाणी ठेवायचं. लॅपटॉप, पेनड्राइव्ह आणि क्लाउड. पेनड्राइव्ह तुला पटला, वस्तू होती, हातात धरता येत होती. फक्त आपल्याकडच्या हवेला मीठ, तर तो तू काकीच्या तांदळाच्या डब्यात ठेवलास. एकदा काकीनं मापट्याबरोबर तो तांदळात धुतला. दोन दिवस उन्हात वाळवला, सुक्या बोंबलांच्या शेजारी, आणि चालला की! तू तो आठवडाभर सगळ्यांना सांगत होतास. क्लाउड मात्र पटेना. मी समजावलं की तो ढगात असतो, म्हणजे आपल्या घराला काही झालं तरी सुरक्षित. तू ऐकून घेतलंस आणि विचारलंस, “कोनाच्या ढगात?”

मी हसले, आणि क्लाउडवर टाकलंच. मित्रमैत्रिणींना पण सांगितलं, माझे नाना विचारतात कोणाच्या ढगात. सगळे हसले. आता कंपनीत डेटा सुरक्षेचं ट्रेनिंग झालं तेव्हा शिकवायला आलेल्या माणसानं दोन तास हाच एक प्रश्न वेगवेगळ्या रंगाच्या चौकोनांत दाखवला. मी शेवटच्या रांगेत बसून एकही चौकोन उतरवून घेतला नाही.

आता मासळीचं.

कार्डावर ‘कोणी नेलं’ या रकान्यात माणसाचं नाव नसायचं. मांदेली. घोळ. शिंगाळा. मुशी. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं तू मासळीवरच्या पुस्तकांची वेगळी यादी केलीयस. तू म्हणालास, आपलं असंच. गंमत. मग मी तुला छळून छळून काही नावं काढून घेतली, बाकीची ओळखली. काय चपखल होती. बोलताना तोंड उघडंच ठेवणारा, बिळातून बाहेर न येणारी, वरून चकचकीत आणि आत चव नसलेला. कोण कोण ते आता लिहीत नाही. तेव्हा मात्र मला ते सगळ्या जगाला सांगावंसं वाटत होतं. मला काहीही कळलं की ते जगाला सांगावंसं वाटतं. तुला माझं तेच आवडायचं आणि त्याचीच भीती वाटायची, असं काकी परवा म्हणाली.

मग गेल्या हिवाळ्यात प्रोग्रॅमचं नवीन व्हर्जन आलं. त्यात वाचकाचं पान होतं. पूर्ण नाव, फोन नंबर, पत्ता. ते नसेल तर नोंदीपुढे तांबडी खूण. माहिती अपूर्ण. तुझ्या यादीत खाली खाली जात गेलं की नुसती तांबडी रांग, मांदेली तांबडी, घोळ तांबडा, मुशी तांबडी. मला सहन होईना. कंपनीत माझं कामच ते आहे, तांबडं दिसलं की भरायचं. तुला म्हटलं, नाना, ही नावं नीट करू या. तू कार्ड लिहीत होतास. मान वर न करता म्हणालास, “तांबडं ऱ्हाऊ दे.”

का, ते सांगितलं नाहीस. आणि मी विचारलं नाही.

त्या रविवारी तू सातपाटीला लग्नाला गेला होतास. मी एकटी बसले आणि दुपारभरात सगळी नावं भरली. फोन नंबर माझ्याकडे होतेच, गावच्या ग्रुपमुळे. एक एक तांबडी खूण हिरवी होत गेली तसं मला काय छान वाटत होतं, खरंच सांगते. सगळं हिरवं झालं. मग वाटलं, एवढी मोठी लायब्ररी आहे गावात आणि अर्ध्या लोकांना माहीतच नाही. नवीन व्हर्जनमध्ये शेअरचं बटण होतं. दाबलं, लिंक आली, गावच्या ग्रुपवर टाकली. ‘आपल्या नानांची लायब्ररी आता ऑनलाइन’, पुढे पाच-सहा फुगे.

लिंकमध्ये पुस्तकांची नावं होती. आणि त्याच्या शेजारी आणखी एक रकाना होता, सध्या कोणाकडे. तो आपोआप चालू असतो. बंद करावा लागतो. हे मला माहीत नव्हतं.

चाळीसेक मिनिटं ती लिंक चालू होती. कोणीतरी मला फोन करून विचारलं, हे असं दिसायला हवंय का, तेव्हा बंद केली. घामाघूम झाले होते, पण मनात म्हटलं, पुस्तकांचीच तर यादी आहे. पुस्तक वाचणं काय लाजेची गोष्ट आहे?

त्या यादीत एक बाई होती, तिला इथे सुमनमावशी म्हणते. खरं नाव एकदा उघडं केलं तेवढं पुरे. मासळीचंही बदलता आलं असतं, पण मग पुढचं सांगताच येणार नाही. तुझ्या कार्डावर ती कर्ली होती. बोईसरच्या बाजारात तिची जागा ठरलेली, तिच्यासमोर आवाज चढवायची कोणाची टाप नाही, मासळीवाल्या बायकांच्या गटाची सगळी बोलणी ती करते. कागद पुढे आला की म्हणते, चष्मा घरी ऱ्हायला, तू वाच. सही मात्र झोकात करते. आम्ही सगळे वर्षानुवर्षं तिला चष्म्यावरून चिडवायचो. तिच्याकडे चष्माच नव्हता. हे गावात एकट्या तुला कळलं होतं.

यादीत तिच्या नावापुढे तीन पुस्तकं होती. अक्षरओळख. सोपे वाचन, भाग एक. सोपे वाचन, भाग दोन.

दुसऱ्या दिवशी बाजारात कोणीतरी भाव करता करता तिला विचारलं, “काय गो सुमन, अ अननसाचा झाला काय? आता आ आंब्याचा घे.” बास, एवढंच. पुढचे दोनतीन जण हसले. तिनं त्या बाईला मासळी दिली, सुट्टे परत दिले, टोपली उचलली आणि घरी आली. त्यानंतर आठ दिवस ती बाजारात बसली नाही. तिन्ही पुस्तकं वर्तमानपत्रात गुंडाळून तुझ्या ओट्यावर ठेवून गेली, हाक न मारता.

तू ती माझ्यासमोर सोडलीस. भाग दोनमध्ये खूण म्हणून नायलॉनच्या दोऱ्याचा तुकडा होता, जाळ्याचा. तू ते पान बघितलंस आणि म्हणालास, “जोडाक्षरापर्यंत आलती ती.”

ओरडला असतास तर बरं झालं असतं. मी सगळं भराभर बोलले. रकाना आपोआप चालू असतो, मला माहीत नव्हतं, आता सेटिंग कळलं, परत होणार नाही, लिंक किती जणांनी उघडली ते पण दिसतं, फार नाहीत. तू ऐकत होतास. मग म्हणालास, “सेटिंग कळलं. बरं झालं.” आणि लॅपटॉप बंद केलास. जोरात नाही. पुस्तक मिटतात तसा.

मी चिडले तेव्हा. खोटं कशाला बोलू. मी म्हटलं, तू मला सांगायला हवं होतंस की ती नावं लपवण्यासाठी आहेत. तू तर गंमत म्हणालास. तू म्हणालास, “गंमत म्हनून तर कोनी विचारलं नाय, एवढी वर्सं.” मी म्हटलं, मग मला कसं कळणार? ते भांडण तिथंच राहिलं. अजून आहे. मला अजून वाटतं की तू सांगायला हवं होतंस. आणि एखादी गोष्ट लपवायची आहे असं मला सांगणं म्हणजे काय, हेही मला कळतं. निवटीला सांगून चिखल स्थिर राहत नाही.

सुमनमावशीकडे मी गेले होते, तुला सांगितलं नाही. तिनं दार उघडलं, ये म्हणाली, चहा दिला. मी सॉरी म्हणायच्या आत म्हणाली, शिकलेल्या पोरी तुमी, तुमचं चालायचंच. चहा पिऊन आले.

तुलाही सॉरी मी तोंडानं म्हटलंच नाही. टाइप केलं. तीन हात जोडलेले. तू नुसता अंगठा पाठवलास.

त्यानंतरचे पाच महिने तू माझ्याशी सगळं बोललास. नोकरीचं, मासळीचं, काकीच्या गुडघ्याचं. पुस्तकांचं नाही. रविवारी दुपारी मी यायचे, तू कार्डं लिहीत असायचास, मी फोन बघत बसायचे. लिंक बंद होती, तो रकाना मी लपवला होता, पण नावं आत तशीच होती. एकदा मी म्हटलं, पेनड्राइव्हवर नवीन कॉपी करून देते, तू जवळजवळ धावलास. “त्याला हात नको लावू.” मला वाटलं, माझ्यावरचा राग आहे.

आणि मग ते सगळं. दवाखाना, पालघरच्या खेपा, त्याचं काही लिहीत नाही. फक्त एक. शेवटून दुसऱ्या दिवशी मी तुझ्या उशाशी होते आणि तू विचारलंस, “डब्यातला तांदूळ संपला काय?” मला वाटलं तुला भात हवाय. मी म्हटलं, काकी नवीन भरेल. तू मान हलवलीस, नाही अशी. “त्यात जुनं हाय,” म्हणालास. “ऱ्हाऊ दे तसंच.” मी हो हो म्हटलं. तुझं वाक्य मी परत एकदा चुकीचं संपवलं होतं.

आता तेराव्यानंतरचं ऐक.

राकेशदादा तुझाच मुलगा आहे, त्यालाही रकाना रिकामा ठेवलेला चालत नाही. तो वापीला परत जाणार, काकीला सोबत घेऊन जाणार, खोली बंद राहणार. पुस्तकं इथं कुजतील, हे त्याचं म्हणणं बरोबरच आहे. पालघरचं एक वाचनालय सगळी घ्यायला तयार आहे, येत्या रविवारी टेम्पो येतोय. त्यांना यादी हवीय. आणि बाहेर गेलेली त्रेचाळीस पुस्तकं कोणाकडे आहेत तेही. ते फोन करून मागून घेणार. दादा म्हणाला, “तन्वी, तुझ्याकडं हाय ना सगळं? फाईल देऊन टाक.”

म्हणून मी लॅपटॉप उघडला होता, आणि तो निळा चौकोन आला होता.

मला वाटलं सोपं आहे. माणसांची नावं काढायची, मासळी परत टाकायची, फाईल द्यायची. दोन नावं बदलली पण. मग ते चौथं नवीन फीचर उघडून बघितलं, बदलांचा इतिहास. नाना, त्यात सगळं होतं, जुन्या बदलांसकट. ‘कर्ली’ऐवजी सुमनमावशीचं पूर्ण नाव, फोन नंबर, बदल करणारी तन्वी, रविवार, दुपारी. खाली मांदेली, घोळ, मुशी, सगळीच्या सगळी. आणि सगळ्यात वर, आत्ताच केलेला बदल, सुमनमावशीऐवजी कर्ली. मी जितकं झाकत होते तितकं ते नीट लिहून ठेवत होतं. ते पान बंद करता येतं, पुसता येत नाही. फाईल ज्याला मिळेल तो उघडून बघू शकतो. डेटा हरवू नये म्हणून ही सोय आहे, असं त्याखाली लिहिलंय.

कंपनीत शेजारच्या टेबलावरच्या भैयाला विचारलं, जुन्या तारखेवर परत जाता येईल का. त्यानं बघितलं, क्लाउडवर शेवटच्या तीस दिवसांचंच जुनं राहतं. मला म्हणाला, “बाकी तो सब सेफ है मैडम, कुछ नहीं गया. टेंशन क्या है?”

हेच टेन्शन होतं की काही गेलं नव्हतं.

आणि टमटममध्ये, पॉवर स्टेशनच्या फाट्यावर लोक उतरत होते, मला बाजूला सरका म्हणत होते, तेव्हा मला तांदूळ आठवला. तू माझ्या त्या रविवारच्या आधीची कॉपी राखून ठेवली होतीस. पाच महिने. त्याला हात नको लावू. घरी येऊन डब्यात कोपरापर्यंत हात घातला. तळाशी होता, प्लास्टिकच्या पिशवीत, दोऱ्यानं बांधलेला. लॅपटॉपला लावला, दिवा लागला. उघडलं. मांदेली, घोळ, शिंगाळा, मुशी. सगळी तांबडी, आणि इतिहासाच्या पानावर एकाही माणसाचं नाव नाही.

ती कॉपी त्या रविवारच्याही काही महिने आधीची. मधल्या काळात आपण टाकलेली दोनशेच्या वर पुस्तकं त्यात नव्हती. ती मी कार्डांवरून परत टाकली. तीन संध्याकाळ लागल्या. एरवी मी एका दुपारी टाकली असती, पण तुझा आवाज नव्हता ना सांगायला, मला प्रत्येक कार्ड वाचावं लागत होतं. वाक्य संपेपर्यंत थांबावं लागत होतं. मग लॅपटॉपवरची जुनी फाईल पुसली, क्लाउडवरचीही. तीस दिवसांनी तिथली सावलीही जाईल. कोणाच्या ढगात, त्याचं उत्तर मला अजून माहीत नाही, पण आता तिथं आपलं काही नाही.

दादाला फाईल दिली. तो स्क्रीनकडे बघत राहिला.

“हे काय? मासळीबाजार?”

मी म्हटलं, नाना अशीच नावं लिहायचा.

“मग कोन कोन ते सांग ना. तुला म्हाईत असेल.”

आणि नाना, मला माहीत होतं. एकूण एक नाव. तोंडात होतं. मी म्हटलं, मला नाही माहीत.

तो चिडला. त्रेचाळीस पुस्तकं पाण्यात गेली म्हणाला. मी खाली बघत होते, मला खोटं बोलता येत नाही, तुला माहितीय, माझे कान लाल होतात. काकी तांदूळ निवडत होती. ती सूप न थांबवता म्हणाली, “मासं पान्यातच बरं. तू टेंपोचं बघ.” दादा उठून गेला. काकीनं माझ्या कानांकडे बघितलं आणि परत सुपात.

म्हणजे तिला सगळं माहीत होतं. तिनं मला सांगितलं नव्हतं, एवढंच.

आज संध्याकाळी सुमनमावशी आली. बाजारातून थेट, टोपली ओट्यावर ठेवून. काकीशी बोलली, मग जाळ्यांच्या खोलीच्या दारात उभी राहिली. मी खोकी भरत होते. खिडकीत ती तीन पुस्तकं अजून होती, त्याच वर्तमानपत्रावर. तू ती परत कपाटात लावलीच नव्हतीस. मी खोक्यात टाकायला उचलली, सवयीनं कार्ड बघितलं, आणि थांबले. कोणी नेलं, कर्ली. कधी नेलं, तारीख. परत कधी आलं, काही नाही. कोरं. तीस-बत्तीस वर्षांत रकाना रिकामा न ठेवणाऱ्या माणसानं तिन्ही पुस्तकांचा तो रकाना रिकामा ठेवला होता.

तुझ्या हिशेबी ती पुस्तकं परत आलीच नव्हती.

मी काही बोलले नाही, नाना. मी! कार्ड तिच्या हातात दिलं फक्त. ती उजेडाकडे वळली, हात लांब केला. चष्मा वगैरे काही म्हणाली नाही. तिचं बोट रकान्यावर फिरलं आणि ओठ हलायला लागले. मला येत होतं पुढचं, जिभेवर होतं, दात दाबून धरले.

“क,” ती म्हणाली. मग बराच वेळ थांबली. तो वरचा रफार बघत होती. “क... र्... ली.” परत एकदा, जोडून. “कर्ली.”

मग तिला कळलं.

“काट्याची मासळी म्हनत व्हता माला,” ती म्हणाली, आणि हसलीच एकदम, “मेला.”

आणि त्या शब्दावर ती थांबली. मीही. ती तो शब्द रोज शंभर वेळा म्हणते, गिऱ्हाइकाला, मांजराला, टमटमवाल्याला. बाहेर काकीचं सूप थांबलं होतं.

मग तिनं भाग दोन उचललं, दोऱ्याचा तुकडा आहे का बघितलं, पदरात घेतलं. दारात वळून म्हणाली, वाचनालयवाल्यांना काय सांगशील? मी म्हटलं, ते पुस्तक बाहेर गेलंय, कधीचंच. तिनं मान हलवली आणि टोपली डोक्यावर घेतली.

तिलाही सॉरी म्हणायचं राहिलंच. पण आज ते राहू दिलं. तुलाही आज म्हणत नाही.

ती गेल्यावर मी प्रोग्रॅम उघडला, सवयीनं. तिची नोंद तिथंच होती. कर्ली, पुढे तांबडी खूण. त्यानं विचारलं, माहिती अपूर्ण आहे, आता पूर्ण करायची का?

मी ‘नको’ दाबलं.